ठाणे–नागपूर फेऱ्यांसाठी सेस्ना 172 सोडून अधिक वेगवान विमान घ्यावे का?

नौपाड्याचे डॉक्टर
16 नोव्हेंबर 2025

नमस्कार मंडळी. गेली आठ वर्षे माझ्याकडे स्वतःचे सेस्ना 172, म्हणजे चार आसनांचे छोटे विमान आहे. 1980च्या दशकातील, 160 अश्वशक्तीचे, कार्ब्युरेटरच्या इंजिनाचे आणि सहा गोल तबकड्यांच्या जुन्या पॅनेलचे. ठाणे-मुंबईच्या आसपास अशा विमानाला कायमचा आसरा मिळत नाही, म्हणून ते नाशिकच्या पलीकडे एका धावपट्टीवरील हँगरमध्ये भाड्याने ठेवलेले असते. या विमानाने मला एकदाही दगा दिलेला नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढचा प्रश्न तक्रारीतून आलेला नाही.

माझे वडील 84 वर्षांचे आहेत आणि आई 79 वर्षांची. दोघांनाही नागपूर सोडायचे नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी नागपूरला जाणे होतेच, आणि हवामान साथ देत असेल तर मी ते विमानानेच करतो. आमच्या धावपट्टीपासून नागपूर सरळ रेषेत साधारण 295 नॉटिकल मैल (एक म्हणजे 1.852 किलोमीटर) आहे. शांत हवेत माझे विमान 110 नॉटने, म्हणजे ताशी 110 नॉटिकल मैलांनी, हे अंतर 2 तास 41 मिनिटांत कापते. 170 नॉटने जाणाऱ्या विमानाला 1 तास 44 मिनिटे लागतील, म्हणजे 57 मिनिटे वाचतील. परतीच्या वाटेवर हिवाळ्यात वारा बहुधा समोरून असतो. तो 20 नॉटचा धरला, तर माझे विमान जमिनीच्या मानाने 90 नॉटवर येते आणि 3 तास 17 मिनिटे घेते, तर 170 नॉटचे विमान 1 तास 58 मिनिटांत पोहोचते. समोरचा वारा हळू विमानाकडून अधिक व्याज वसूल करतो, हे गणित मला फार उशिरा उमगले. गेल्या जानेवारीत अशाच एका दुपारी खाली समृद्धी महामार्ग दिसत होता. त्यावरील गाड्या मागे पडत होत्या, पण इतक्या सावकाश, की एक पांढरी बस मी कितीतरी वेळ डाव्या पंखाच्या आधाराच्या दांड्याशेजारी पाहत होतो.

डोळ्यांसमोर सेस्ना 182, बोनान्झा, मूनी, सिरस एसआर22 आणि डायमंड डीए40 अशी अधिक वेगवान छोटी विमाने आहेत. माझे एकूण उड्डाण 640 तासांचे आहे आणि उपकरण मानांकन, म्हणजे ढगांत केवळ उपकरणांच्या आधारे उडण्यासाठी लागणारे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, माझ्याकडे नाही. ज्यांनी असा बदल केला आहे, किंवा विचारपूर्वक टाळला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

वाशीचे मास्तर
17 नोव्हेंबर 2025

डॉक्टर, मी 31 वर्षे उड्डाण शिकवले आणि आता निवृत्त होऊन वाशीत राहतो. आपण प्रश्न अंकांत मांडला याचा आनंद झाला, परंतु एक अंक आपण दिलेला नाही. गेल्या 2 वर्षांचे लॉगबुक उघडा आणि त्यात 200 नॉटिकल मैलांपेक्षा लांबची उड्डाणे किती आहेत, ते मोजा. त्याखाली न झालेल्या फेऱ्यांची नोंद करा आणि प्रत्येक फेरी कशामुळे रद्द झाली, तेही लिहा. मग वेगाविषयी बोलू.

तोपर्यंत वैमानिकाच्या बाजूचे काही सांगतो. आपण डॉक्टर आहात म्हणून बोनान्झाचा इतिहास आपल्याला ठाऊक असणे आवश्यक आहे. हे विमान 1945च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा उडाले आणि 1947पासून विकले जाऊ लागले. इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपटी असलेल्या त्या विमानाला अमेरिकेत ‘डॉक्टरांचा कर्दनकाळ’ अशा अर्थाचे नाव पडले होते. विमान उत्तम होते. ज्यांना ते परवडत होते, त्यांच्याकडे सरावाला वेळ नव्हता आणि ठरल्या दिवशी पोहोचण्याची घाई होती, म्हणून ते नाव पडले. निसरड्या अंगाचे विमान ढगात एकदा नाक खाली करून वळू लागले, की काही सेकंदांत वेगाची लाल रेषा, म्हणजे कमाल सुरक्षित वेग, ओलांडते. आपले सेस्ना अशा वेळी बराच वेळ माफ करते, कारण त्याचे दांडे, चाके आणि पंख हवेला सतत अडवत असतात.

जॉन एफ. केनेडी यांचे पुत्र 16 जुलै 1999 रोजी रात्री समुद्रावर धुरकट हवेत विमान कोसळून गेले, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे 310 तासांचा अनुभव होता. त्याआधी ते सेस्ना 182 उडवीत होते आणि काही महिन्यांपूर्वीच त्यांनी अधिक वेगवान पायपर सॅराटोगा घेतले होते. चौकशीत निघालेले कारण असे, की क्षितिज दिसेनासे झाल्यावर त्यांना विमानाची स्थिती समजली नाही आणि ताबा सुटला. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात संध्याकाळी समुद्र आणि आकाश एकाच राखी रंगाचे होतात, हे आपण पाहिलेच असेल.

आता रोजच्या व्यवहारातले. आपण 9,500 फुटांवर आहात आणि 2,000 फुटांवर यायचे आहे. मिनिटाला 500 फूट या सौम्य उताराने 15 मिनिटे लागतात. 120 नॉटने त्या 15 मिनिटांत 30 मैल जातात, 180 नॉटने 45. म्हणजे जिथे आज आपण पाण्याची बाटली उघडता, तिथे उतरण्याचे काम सुरू झालेले असले पाहिजे. वळणाचेही तसेच आहे. 30 अंश कलून 110 नॉटने घेतलेल्या वळणाची त्रिज्या साधारण 570 मीटर भरते, 170 नॉटने 1,350 मीटर. सह्याद्रीच्या कुशीत, ढग खाली आलेले असताना, हा फरक कागदावरचा राहत नाही. कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे आणि तिच्या आसपासच्या दऱ्या नकाशावर दिसतात त्याहून अरुंद वाटतात.

वेगवान विमान घेऊच नका, असे मी म्हणत नाही. माझ्या हाताखालून गेलेले काही जण ते अतिशय सुरेख उडवतात. पण त्यांनी आधी डोक्याचा वेग वाढवला आणि मगच विमानाचा.

कोलशेत_22
17 नोव्हेंबर 2025

मास्तरांना नमस्कार. मी कोलशेत रोडला राहतो. 4 वर्षांपूर्वी 172 सोडून एसआर22 घेतले. आमचे विमान 2008 सालचे आहे.

डॉक्टरसाहेब, वेग ही या विमानाची दुसऱ्या क्रमांकाची देणगी आहे. पहिली देणगी इंधनाच्या टाकीची. त्यात वापरता येण्याजोगे सुमारे 348 लिटर पेट्रोल मावते. आपल्या जुन्या 172मध्ये मूळ टाक्या असतील तर साधारण 150 लिटर. आपली नागपूरची जा-ये जवळपास 6 तासांची, ताशी 31 लिटरने 185 लिटर झाले. म्हणजे नागपूरला इंधन भरल्याशिवाय आपण परत येऊच शकत नाही. मी 3 तास 42 मिनिटांत, ताशी 62 लिटरने, चढाईचा जादा खर्च आणि 45 मिनिटांचा राखीव साठा धरूनही 300 लिटरच्या आत घरी येतो. एव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचे पेट्रोल, कुठे आहे, पिंप शिल्लक आहे का, पंप चालवणारा माणूस रविवारी येईल का, हे तीन फोन माझ्या आयुष्यातून गेले. ज्याने हे फोन केले आहेत, त्यालाच ही सुटका कळेल.

टाक्या पूर्ण भरल्या, की सुमारे 250 किलो वजन इंधनाचेच होते. माझ्या विमानात एकूण 500 किलोच्या आसपास वजन घेता येते, त्यामुळे तीन प्रौढ माणसे आणि बेताचे सामान, इतकेच उरते. चार खुर्च्या आहेत म्हणून चार माणसे आणि भरलेली टाकी, हा हिशेब कोणत्याच छोट्या विमानात सहसा जुळत नाही.

खर्चाविषयी एक आश्चर्य सांगतो. ताशी इंधन दुप्पट लागते, परंतु अंतरामागे तसे नसते. एका बाजूच्या 295 मैलांना आपल्याला 83 लिटर लागत असतील, तर मला 108. घाबरण्यासारखा तो आकडा नाही. घाबरण्यासारखे आकडे देखभालीत आणि विम्यात आहेत.

पॅराशूटविषयी सगळेच विचारतात. पूर्ण विमानाला खाली आणणारी छत्री सामानाच्या जागेमागे असते आणि हँडल ओढले की रॉकेट तिला बाहेर काढते. दर 10 वर्षांनी ती बदलावी लागते, आणि तो खर्च विमान घेतानाच बाजूला काढून ठेवावा. तरीही मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की ही छत्री असूनही सुरुवातीच्या वर्षांत या विमानांच्या अपघातांचे प्रमाण अपेक्षेइतके कमी नव्हते. वैमानिक हँडलला हातच लावत नव्हते, किंवा फार उशिरा लावत होते. मालकांच्या संघटनेने आणि कंपनीने प्रशिक्षणाचा आग्रह धरला, हँडल कधी ओढायचे याची तालीम सुरू केली, तेव्हा चित्र पालटले. माझी पत्नी उड्डाणापूर्वी दर वेळी त्या हँडलची पिन निघाली आहे की नाही, ते स्वतः पाहते आणि मोठ्याने म्हणते. आमच्या घरात तो नियम आहे.

कळव्याची अभियंता
18 नोव्हेंबर 2025

मी विमान देखभाल अभियंता आहे आणि छोट्या विमानांवरच काम करते. कोलशेतदादांनी देखभालीचा उल्लेख करून सोडून दिला, म्हणून तो धागा मी पुढे नेते.

डॉक्टर, आपल्या इंजिनाला 4 सिलिंडर आहेत, एसआर22 किंवा बोनान्झाला 6. प्रोपेलर स्थिर कोनाऐवजी बदलत्या कोनाचा येतो आणि त्याच्या गव्हर्नरची (कोन बदलणाऱ्या यंत्रणेची) व हबची (मधल्या भागाची) वेगळी देखभाल असते. बोनान्झा किंवा मूनी घेतले तर आत जाणारी चाके येतात. आत जाणाऱ्या चाकांमागे मोटार, दांडे, स्विच आणि दिवे असतात आणि त्यांतला प्रत्येक भाग कधीतरी झिजतो. सिरसने चाके बाहेरच ठेवली आणि त्यांना घोळदार टोपणे घातली, हा मला अभियंता म्हणून फार शहाणपणाचा निर्णय वाटतो.

वेग शक्तीतून येतो, हा समज दूर व्हावा म्हणून एक गोष्ट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. सेस्ना 172च्याच देहाला 110ऐवजी 170 नॉटने ढकलायचे ठरवले, तर साडेतीन पटींहून अधिक शक्ती लागेल. एसआर22च्या इंजिनाची शक्ती 310 अश्वशक्ती, म्हणजे दुपटीच्याही किंचित आत आहे. बाकीचा वेग गुळगुळीत अंगातून येतो. मूनीच्या 201 या मॉडेलला ते नाव मिळाले, कारण अवघ्या 200 अश्वशक्तीत ते ताशी 201 साध्या (नॉटिकल नव्हे) मैलांचा कमाल वेग गाठत असे. म्हणून जुने वेगवान विमान पाहायला जाल, तेव्हा दारांच्या रबरी पट्ट्या, चाकांची झाकणे, पंखाच्या पुढच्या कडेवरील पोचे आणि रंगाचे पोपडे नीट पाहा. वेग तिथेच गळतो.

आता मला खरोखर तळमळीने सांगायचे ते. इंजिन जास्त उडाल्याने जितके खराब होते, त्याहून अधिक ते उभे राहून खराब होते. आपल्या सेस्नातल्यासारख्या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान 3-4 आठवडे उभे राहिले, की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि दमट हवेत त्यावर गंज धरतो. पुढच्या वेळी इंजिन सुरू केल्यावर तोच गंज घासून निघतो आणि तेलाबरोबर फिरतो. पावसाळ्यानंतर एका इंजिनाचा फिल्टर मी कापला होता. त्याच्या कागदाच्या घड्यांत लोखंडाची चमचम इतकी होती, की चुंबक फिरवताच त्याला दाढी उगवली. ते विमान वर्षभरात केवळ 22 तास उडाले होते आणि मालकाला वाटत होते, की आपण त्याला जपतो आहोत. महिन्यातून एकदाच उडणार असाल, तर वेगवान विमानाचे महागडे इंजिन त्याच गतीने, पण अधिक किमतीत खराब होईल. त्याला आठवड्या-दोन आठवड्यांनी हवेत नेऊन तेल चांगले तापेपर्यंत चालवावे लागते. जमिनीवर 10 मिनिटे चालवणे तर उलट घातक, कारण त्यातून तयार होणारी वाफ आतच राहते.

आपल्या यादीतील डीए40चा डिझेल इंजिनाचा प्रकार मात्र गंभीरपणे पाहा. ते जेट ए-1वर, म्हणजे प्रवासी जेटच्या इंधनावर, चालते, ताशी 25 लिटरच्या आसपास घेते आणि 140 नॉटच्या घरात जाते. नागपूर 2 तास 6 मिनिटांवर येईल आणि इंधन 55 लिटरच्या आत. जेट ए-1 जिथे प्रवासी विमाने येतात तिथे मिळतेच. एव्हगॅस आपल्या देशात 2022पर्यंत पूर्णपणे आयात होत असे, त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली. तरी छोट्या धावपट्टीवर ते अजून पिंपातूनच येते. पिंप, हातपंप आणि गाळायला शॅमॉय चामडे. एव्हगॅस निळे असते आणि जेट ए-1 जवळजवळ रंगहीन. पेट्रोलच्या इंजिनात चुकून जेट इंधन गेले, तर इंजिन सुरू होते आणि उड्डाणानंतर बंद पडते. म्हणून कुणी कितीही घाई केली, तरी पेलीत काढलेला नमुना पांढऱ्या कागदासमोर धरून पाहिल्याशिवाय मी विमान सोडत नाही.

ऐरोलीचा विद्यार्थी
18 नोव्हेंबर 2025

मी परवान्यासाठी शिकतो आहे, 28 तास झाले. सर्वांना एक प्रश्न. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबरला झाले. डॉक्टरांनी विमान नाशिकपलीकडे न ठेवता तिथे किंवा जुहूला ठेवले, तर ठाण्याहून जाण्याचा अर्धा दिवस वाचणार नाही का?

वाशीचे मास्तर
18 नोव्हेंबर 2025

बाळा, प्रश्न योग्य आहे. माझ्या घरापासून तो विमानतळ नाशिकच्या मानाने हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मीही तो मनाशी अनेकदा विचारला आहे. परंतु पहिल्या टप्प्यात तिथे एकच धावपट्टी आहे. प्रवासी जेटच्या रांगेत 65 नॉटने उतरणाऱ्या सेस्नाला जागा करून देणे म्हणजे मागच्या प्रत्येक विमानाला थांबवणे. जुहूला 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने उतरले होते, तिथूनच आपल्या देशाची नागरी विमानसेवा उभी राहिली. आज तो तळ मुख्यतः हेलिकॉप्टरांचा झाला आहे, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबलाही विमानांचे प्रशिक्षण धुळ्याला न्यावे लागले. आमच्या पिढीला याचे वाईट वाटते. या महानगराच्या पोटात छोट्या विमानासाठी एक साधी धावपट्टी असायला हवी होती.

नेरूळचे सीए
21 नोव्हेंबर 2025

मी वैमानिक नाही, परंतु माझे दोन अशील विमानांचे मालक आहेत, म्हणून कराविषयी थोडक्यात लिहितो. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक वापराच्या विमानांवरील जीएसटी 40 टक्के झाला आहे. पूर्वी तो 28 टक्के आणि वर 3 टक्के उपकर असा होता. नवे किंवा परदेशातून विमान आणण्याचा विचार असेल, तर मूळ किमतीवर नव्हे, या आकड्यासह तुलना करावी. खाजगी वापरासाठी नोंदलेले विमान भाड्याने देऊन खर्च भागवू, असा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये, कारण त्या नोंदणीवर मोबदला घेऊन कोणाला नेता येत नाही. दोन-तीन मालकांनी मिळून घेणे हा मार्ग अधिक सरळ वाटतो. करारपत्रात मात्र विमान कोणाला कोणत्या शनिवारी मिळेल, यापेक्षा एखादा भागीदार बाहेर पडला तर त्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरेल, हे कलम आधी लिहावे.

नौपाड्याचे डॉक्टर
23 नोव्हेंबर 2025

मास्तरांनी सांगितलेले काम काल रात्री केले. ते एकट्याने करणे अवघड गेले, म्हणून पत्नीला शेजारी बसवले.

गेल्या 2 वर्षांत माझी 74 उड्डाणे झाली, 112 तास. त्यांपैकी 200 मैलांपेक्षा लांबची फक्त 22. नागपूरच्या 11 फेऱ्या, जाऊन-येऊन. बाकी सगळी धुळे, जळगाव, छत्रपती संभाजीनगर अशी जवळची, किंवा केवळ सरावाची. त्यांत वेगवान विमानाने 10-12 मिनिटेच वाचली असती.

न झालेल्या नागपूरच्या फेऱ्या 13 निघाल्या. मला वाटत होते, त्याहून हा आकडा मोठा आहे. पावसाळ्यामुळे आणि खालच्या ढगांमुळे 7, इंधनाची व्यवस्था न झाल्याने 3, देखभालीमुळे 2, आणि एकदा दवाखान्यातून निघायला उशीर होऊन सूर्यास्ताच्या आत पोहोचणे शक्य नव्हते, म्हणून 1. विमान हळू आहे म्हणून एकही नाही.

मग पत्नीने दुसरा हिशेब मांडला, जो मी कधीच केला नव्हता. पूर्वी पहाटे 4 वाजता नौपाड्यातून निघून माजिवडा, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर आणि कसारा घाट ओलांडून हँगरपर्यंत पोहोचायला साडेतीन तास लागत. त्यापुढे विमानाची तपासणी, उड्डाण आराखडा, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक यांत एक तास जाई. मग 2 तास 41 मिनिटे उड्डाण आणि नागपूरला घरी पोहोचायला अर्धा तास. एकूण पावणेआठ तास. याच वर्षी 5 जूनला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचे सगळे 701 किलोमीटर पूर्ण झाले. आता आमणेहून चढले, की इगतपुरी पाऊण तासाच्या आत येते, आणि हँगरपर्यंतच्या माझ्या प्रवासातील सुमारे 45 मिनिटे गेली. जी 57 मिनिटे मी कोट्यवधी रुपये देऊन विकत घेऊ पाहत होतो, त्यांतली बहुतेक मला टोलच्या पैशांत मिळाली आणि मला ते जाणवलेही नाही. त्याच रस्त्याने सरळ गाडी हाकली, तर नागपूर साधारण 8 तासांवर आहे, हेही पत्नीने नमूद करायला सांगितले आहे.

यावरून मन एका बाजूला झुकते आहे, तरी एकदा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरवू नये, असे वाटते.

कोलशेत_22
23 नोव्हेंबर 2025

डॉक्टरसाहेब, आकड्यांत सर्व काही येत नाही. 3 तास 17 मिनिटे समोरच्या वाऱ्यात हलत-डुलत आल्यावर माणूस उतरताना थकलेला असतो आणि उतरणे हाच उड्डाणातला सर्वांत नाजूक भाग. दोन तासांत, अधिक उंचीवर, दोन्ही अक्ष (बाजूला कलणे आणि नाक वर-खाली होणे) धरणाऱ्या ऑटोपायलटच्या सोबतीने आलेला माणूस ताजा असतो. हा फायदा मी सुरक्षेच्या खात्यात मांडतो. मी 10 जानेवारीला नागपूरला जातो आहे. माझ्यासोबत प्रशिक्षक असतील. आपण पाहुणे म्हणून या, परतीच्या वाटेवर त्यांच्या देखरेखीखाली काय काय घडते, ते समोरच्या खुर्चीतून पाहा.

नौपाड्याचे डॉक्टर
13 जानेवारी 2026

कोलशेत_22 यांचे मनापासून आभार. जाताना मी मागे बसलो. येताना त्यांनी मला पुढे, उजवीकडे बसवले आणि नियंत्रणे स्वतःकडे ठेवून मला एकच काम दिले. प्रत्येक पुढची कृती, ती करण्याची वेळ येण्याआधी, मी मोठ्याने सांगायची.

प्रवास अप्रतिम झाला. जमिनीच्या मानाने 152 नॉट दिसत होते, आवाज कमी होता आणि पडद्यावर इंजिनाच्या सहाही सिलिंडरांचे तापमान वेगवेगळे दिसत होते. आमच्या धावपट्टीपासून 45 मैलांवर मी काहीच बोललो नाही. 40 मैलांवरही नाही. माझ्या अंगात 172चे घड्याळ बसलेले आहे आणि ते 25 मैलांच्या आधी वाजत नाही. 32 मैलांवर प्रशिक्षकांनी विचारले, ‘डॉक्टर, आता काय?’ तेव्हा माझ्या लक्षात आले, की उतार सुरू व्हायला हवा होता. त्यानंतर मिनिटाला 900 फुटांनी उतरावे लागले, वेग वाढत वेगदर्शकावरील धोक्याच्या पिवळ्या पट्ट्याकडे सरकला, दुपारच्या हवेचे धक्के सुरू झाले, शक्ती कमी केली तरी विमान वेग सोडेना, आणि त्याच वेळी रेडिओवर आलेला संदेश मी पूर्ण ऐकलाच नाही. कोलशेतकरांनी एक रुंद चक्कर मारून सगळे शांतपणे जागेवर आणले. प्रशिक्षक इतकेच म्हणाले, ‘विमान नाशिकला आले, आपण अजून मनमाडला आहात.’

उतरताना अंतिम मार्गावर वेग 80 नॉट होता, माझा 65 असतो. वजन जवळपास दीडपट आणि वेगाचा वर्ग दीडपट, म्हणजे ब्रेकना दुपटीहून अधिक ऊर्जा रिचवायची. तो फरक पाठीला जाणवला. आमची धावपट्टी 2,000 फूट उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये 40 अंश तापमानाला तिथली हवा 5,500 फुटांवरच्या हवेसारखी विरळ होते, तेव्हा तिथे हे विमान उतरवायला किती लांबी लागेल, याचे कोष्टक मी घरी येऊन लगेच काढले.

वाशीचे मास्तर
13 जानेवारी 2026

डॉक्टर, आपण हे जसे घडले तसे लिहिलेत, याचे मोल मोठे आहे. 32 मैलांवरची ती शांतता प्रत्येकाच्या वाट्याला येते. आपल्याला ती पाहुण्याच्या खुर्चीत असताना आली.

माझा सल्ला असा. उपकरण मानांकन हाती घ्या. त्यासाठी 40 तासांचे उपकरण-उड्डाण लागते आणि त्यातील 20 तासांपर्यंत सिम्युलेटरवर करता येतात. खालच्या ढगांमुळे रद्द झालेल्या आपल्या फेऱ्यांपैकी काही तरी त्याने वाचतील. पावसाळी गडगडाटी ढगांना मात्र कोणतेही मानांकन चालत नाही, तिथे घरीच बसायचे. त्या अभ्यासात आपण आपोआप 40-50 मैल पुढचा विचार करू लागाल. त्यानंतरही वेगवान विमान हवेसे वाटले, तर ते आपल्याला शोभेल.

कळव्याची अभियंता
14 जानेवारी 2026

आणि तोवर सध्याच्या विमानाला दर दोन आठवड्यांनी हवेत न्या. सिम्युलेटरच्या नादात ते उभे राहता कामा नये.

नौपाड्याचे डॉक्टर
18 जानेवारी 2026

ठरले. विमान यंदा बदलत नाही. मानांकनाचा अभ्यास फेब्रुवारीपासून सुरू करतो आणि त्याच पैशांतून सेस्नात दोन्ही अक्ष धरणारा ऑटोपायलट व नवे क्षितिजदर्शक उपकरण बसवता येते का, याची चौकशी चालू आहे. नेरूळच्या साहेबांनी सुचवलेल्या भागीदारीसाठी डिझेलवर चालणाऱ्या डीए40चा विषय पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काढीन. ठाणे-नवी मुंबईतील कोणाला त्यात रस असेल, तर इथेच लिहावे.

अभियंताताई, आपल्याकडे एक काम आहे. फिल्टरची गोष्ट वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. गेल्या पावसाळ्यात आमचे विमान 37 दिवस उभे होते. येत्या रविवारी मी तेल बदलणार आहे. आपण येऊ शकलात तर फिल्टर आपल्यासमोरच कापू, आणि सिलिंडरच्या आत कॅमेरा घालूनही पाहू. पहाटे 5 वाजता कळव्याच्या नाक्यावर गाडी आणतो, चुंबक आपण आणावे.